कास गवताची भावकी आणि आपला ऊस



पाऊस सरला की भीमेच्या काठाला कास गवताला पांढरे तुरे येतात. आपण ते तण म्हणून उपटतो. पण रानात उभा असलेला आपला ऊस त्याच्याच भावकीतला आहे, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

जुनी माणसं पुंड्या उसाचं सांगायची. जाड, मऊ, गोड, पण पाण्याला सोकावलेला. आपला शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. भूगोलाच्या पुस्तकात सवाना म्हणतात तसंच इथलं गणित : चार महिने पाऊस, तोही साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि आठ महिने कोरडं. पाळी हुकली की असा ऊस जागीच बसायचा.

१९१२ ला कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथं बार्बर आणि वेंकटरमण यांनी जाड गोड उसाचा संकर रानटी कास गवताशी केला. गोडी एकाची, चिवटपणा दुसऱ्याचा. त्यातून १९१८ ला को २०५ आली, ती उत्तरेकडच्या रानासाठी. पुढं जावा बेटावरची पीओजे २८७८ आणि को २९० यांच्या संकरातून को ४१९ झाली. पीओजेतही कासाचं रक्त होतंच.

आपल्या दख्खनच्या हवेत कोणती जात टिकते, हे बघायला १९३२ ला नीरा खोऱ्यात पाडेगावला संशोधन केंद्र सुरू झालं. ४१९ नंतर १९५६ ला को ७४० आली आणि तिनं महाराष्ट्र व्यापला. आमच्या वडिलांनी सातशे चाळीसशिवाय दुसरं काही लावलं नाही. मग काणी आली. शेंड्यातून काळा चाबूक निघायचा. वडील म्हणायचे, "चार बेटं उपटली की झालं." बेणं मात्र त्याच रानातलं धरायचे. तिसऱ्या वर्षी अख्खं रान चाबकांनी भरलं.

१९९६ ला पाडेगावनं को ८६०३२ दिली, नाव 'नीरा'. ८६ म्हणजे नंबर पडल्याचं साल. म्हणजे नंबर पडल्यावरही दहा वर्षं पारख चालली. आई को ६२१९८, बाप कोसी ६७१. पाण्याचा ताण सोसणारी, साखर चांगली. दुष्काळी सालात आपल्याकडं ऊस तगला त्यात हिचा मोठा वाटा. २००७ ला फुले २६५ आली. ती क्षारपड रानातही येते, पण पक्व उशिरा होते. लवकर तोडली तर उतारा मिळत नाही, म्हणून काही कारखाने तिची नोंद घ्यायला कचरत होते.

आता माझी चूक सांगतो. मी बारा वर्षं ८६०३२ चं घरचंच बेणं फिरवलं. एकरी ५५ टनांवरून ३८ वर आलो. खोडव्यात गवताळ वाढीची पांढुरकी, बारीक बेटं दिसायला लागली. मी म्हणत होतो, जात थकली. एका कृषी सहायकानं रानात उभं राहून सांगितलं, "काका, जात नाही थकली, बेणं थकलंय." वडिलांची चूक मला दिसली होती, स्वतःची दिसली नाही.

म्हणून यंदा ठरवलंय :

– उष्ण बाष्प प्रक्रिया केलेलं (५४ अंशाला ४ तास) मूलभूत बेणं आणून अर्ध्या एकरात बेणेमळा करायचा.
– बेणं ९ ते ११ महिन्यांचं, लावणीच्या उसाचं. खोडव्याचं नाही.
– दर तीन-चार वर्षांनी बेणं बदलायचं.
– सगळं रान एकाच जातीखाली ठेवायचं नाही. नदीकडच्या खारवट पट्टीत २६५, बाकी ८६०३२.

शंभर वर्षांत आपल्याकडं चांगल्या जाती येत राहिल्या. त्या करणाऱ्यांनी एकेका जातीला दहा-दहा वर्षं दिली. आपण बेण्याला अर्धा एकर देऊ शकत नाही का?

तुमच्या रानात बेणं किती वर्षांचं आहे? खरं सांगा, मीही खरंच सांगितलंय.