जुनी इटालियन स्पोर्ट्स बाईक स्वस्तात मिळतेय, पण परतूरमध्ये राहून ती घ्यावी का?

सेकंड हँड गाड्यांच्या रील्समध्ये सध्या एक गाडी हमखास दिसते. लाल रंगाची डुकाटी, दहा-बारा वर्षं जुनी, रनिंग कमी आणि किंमत नव्या गाडीच्या निम्म्याहून खाली. खाली एक ओळ : ‘कागद क्लिअर, फक्त सिरियस बायर.’ गाडी असते पुण्या-मुंबईत, पण ते रील सेव्ह करणारे परतूर, मंठा, सेलू, अंबडमध्येही असतात.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी ४० टक्के झाला. आधी सेस धरून तो ३१ टक्के होता. त्यामुळे मोठ्या बाईकचं स्वप्न पाहणाऱ्यांची नजर जुन्या बाजाराकडे वळणं साहजिक आहे.

पण जुन्या इटालियन बाईकच्या बाबतीत ‘केवढ्याला मिळतेय’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की ती बंद पडली तर पार्ट कोण देणार आणि हात कोण लावणार? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर काय होतं, हे महाराष्ट्रातल्याच बाईकवाल्यांनी अनुभवलं आहे.

वाईला बनणाऱ्या बेनेलीचं काय झालं?

बेनेली ही इटलीतल्या पेसारो शहरातली जुनी कंपनी. १९११ मध्ये तेरेसा बेनेली या बाईंनी आपल्या सहा मुलांना कामधंदा मिळावा म्हणून एक गॅरेज काढून दिलं, तिथून ही कंपनी उभी राहिली. २००५ मध्ये ती चीनच्या कियानजियांग समूहाने विकत घेतली.

भारतात बेनेली आणली ती पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने. मार्च २०१५ मध्ये एकदम पाच मॉडेल्स बाजारात आली. टीएनटी ३०० ची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती २ लाख ८३ हजार, तर चार सिलेंडरच्या टीएनटी ६००आयची ५ लाख १५ हजार. सुटे भाग बाहेरून यायचे आणि गाड्यांची जुळणी सातारा जिल्ह्यातल्या वाईला व्हायची. चार सिलेंडरचा तो आवाज एवढ्या पैशांत दुसरीकडे मिळत नव्हता, त्यामुळे तरुणांनी या गाड्या उचलून धरल्या. २०१७ मध्ये ३०२आर ही पूर्ण फेअरिंगची स्पोर्ट्स बाईकही आली.

पण २०१७-१८ मध्ये डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला. ठेवीदारांचं प्रकरण सगळ्यांनी पेपरात वाचलं. बाईकवाल्यांना मात्र त्याची झळ वेगळ्या रीतीने बसली. पार्ट येईनात, सर्व्हिस मिळेना. गाडीत दोष नव्हता, पण तिच्या मागे उभं राहणारं कोणी उरलं नव्हतं. २०१८ मध्ये बेनेलीने हैदराबादच्या महावीर समूहाशी करार केला, तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली.

एमव्ही अगुस्ताची गोष्टही साधारण याच वळणाची. या महागड्या इटालियन बाईक २०१६ मध्ये किनेटिक समूहाने भारतात आणल्या. २०१८ मध्ये किनेटिकने मोटोरॉयाल या नावाखाली अनेक परदेशी ब्रँड एकत्र आणले आणि जुळणीसाठी अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर निवडलं. पुढे एमव्ही अगुस्ताची भारतातली विक्री थांबली. ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांच्याकडे त्या राहिल्या.

थोडक्यात, जुनी बाईक घेताना फक्त गाडीचं वय बघून भागत नाही. त्या ब्रँडची भारतातली आजची तब्येत कशी आहे, हेही बघावं लागतं.

इटालियन इंजिनात एवढं वेगळं काय असतं?

सगळ्यात जास्त चर्चा होते ती डुकाटीच्या ‘डेस्मो’ची. साध्या इंजिनात वॉल्व उघडायचं काम कॅम करतो आणि बंद करायचं काम स्प्रिंग करते. डुकाटीच्या डेस्मो इंजिनात बंद करण्यासाठीही वेगळा दांडा असतो. फाबिओ तालिओनी या इंजिनिअरने १९५६ मध्ये डुकाटीच्या १२५ सीसीच्या रेसिंग बाईकवर ही पद्धत आणली आणि पुढे ती कंपनीची ओळख बनली.

याचा खिशाशी संबंध असा की वॉल्वची फट तपासताना उघडणारी आणि बंद करणारी, दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. वेळ जास्त लागतो आणि हे काम येणारा मेकॅनिक कमी ठिकाणी असतो.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. डुकाटीच्या ८४८, १०९८ आणि जुन्या मॉन्स्टरमध्ये कॅम फिरवायला रबरी बेल्ट असतो. जुन्या मॉडेल्समध्ये तो साधारण दोन वर्षांनी बदलायचा असतो, गाडी पळो वा न पळो. तो तुटला तर वॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिनचंच काम निघतं. म्हणून ‘गाडी दोन वर्षं नुसती उभी होती, रनिंगच नाही’ हे वाक्य इथे कौतुकाचं नाही, सावध होण्याचं आहे.

२०१२ च्या ११९९ पानिगालेपासून डुकाटीच्या सुपरबाईकमध्ये बेल्टऐवजी साखळी आली. ८९९ आणि ९५९ पानिगालेतही साखळीच आहे. म्हणजे बेल्टची कटकट नको असेल तर मॉडेल निवडतानाच ती टाळता येते. वॉल्वचं काम मात्र त्यांनाही चुकत नाही.

परतूरमध्ये गणित का बदलतं?

पुण्यातल्या माणसाची डुकाटी बिघडली तर तो शोरूमला फोन करतो. परतूरहून पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी बंद असेल तर ती पिकअपमध्ये दोर बांधून न्यायची, काम झाल्यावर पुन्हा आणायला जायचं आणि मधले दिवस वाट पाहायची. सर्व्हिसचं बिल परतूर आणि पुण्यात सारखंच, पण परतूरवाल्याला जाण्या-येण्याचा खर्च दर वेळी वरून पडतो.

गाडी चालवत नेऊ म्हटलं तर जालन्याजवळून जाणारा समृद्धी महामार्ग उपयोगाचा नाही, कारण त्यावर दुचाकींना बंदी आहे. राहिले नेहमीचे रस्ते. स्पोर्ट्स बाईकचं हँडल खाली असतं, पोट जमिनीलगत असतं आणि सस्पेन्शन कडक असतं. गावोगावचे गतिरोधक आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागची रांग, यात तिची ताकद वापरायला जागा सापडत नाही.

उन्हाळ्याचाही विचार करावा लागेल. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मोठं इंजिन हळू चालवलं की रेडिएटरचा पंखा सतत फिरतो आणि सगळी उष्णता मांड्यांवर येते.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबरी पाईप आणि सील त्या हिशेबाने बनलेले नव्हते. इथेनॉलमुळे डुकाटीच्या काही जुन्या मॉडेल्सच्या प्लास्टिक टाक्या फुगल्याचं प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं होतं. गाडी बघताना टाकी जागेवर नीट बसते का आणि खाली ओल आहे का, हे हात लावून तपासा.

कागद कोणते बघायचे?

पहिलं काम घरबसल्या होतं. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा आणि विमा बघता येतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ई-चलान किती थकलेत तेही तेव्हाच बघावं.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. ‘स्वस्त’ वाटणारी दिल्ली किंवा कर्नाटकातली गाडी एमएच-२१ च्या नंबरवर येईपर्यंत तेवढी स्वस्त राहत नाही.

थेट आयात झालेली गाडी असेल तर ‘बिल ऑफ एंट्री’ मागा. चेसीवर ठोकलेला नंबर, आरसीवरचा नंबर आणि या कागदावरचा नंबर एकच असला पाहिजे. कस्टम चुकवून सुट्या भागांत आणलेली बाईक पकडली गेली तर जप्ती ज्याच्या दारात गाडी आहे त्याच्याकडे होते.

नोंदणीची १५ वर्षं कधी संपतात हेही मोजा. १ एप्रिल २०२२ पासून आयात दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये आहे. राज्याचा पर्यावरण कर त्याव्यतिरिक्त.

गाडी बघायला गेल्यावर काय तपासायचं?

• विक्रेत्याला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं त्यावरून बरंच कळतं.
• सर्व्हिस बुक आणि बिलं मागा. बेल्ट आणि वॉल्वचं शेवटचं काम कोणत्या तारखेला झालं, ते कागदावर दिसलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं धरू नका.
• दोन्ही चाव्या आणि जुन्या डुकाटीचं कोड कार्ड आहे का विचारा. चावीत इमोबिलायझर असतो, ती हरवली तर काम वाढतं.
• बॅटरीला मल्टीमीटर लावा. गाडी सुरू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. कमी-जास्त असेल तर चार्जिंगमध्ये, बहुधा रेग्युलेटरमध्ये, दोष आहे.
• टायरवरचे चार आकडे वाचा. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होऊन घसरतं.
• मूळ सायलेन्सर सोबत येतोय का? बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर म्हणजे रस्त्यात पोलिसांशी रोजची गाठ.

खर्चाचा हिशेब कसा मांडायचा?

सौदा करण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला त्या मॉडेलचं नाव सांगून चार गोष्टींचे दर लेखी मागवा : वॉल्व-बेल्टची मोठी सर्व्हिस, क्लच प्लेट्स, दोन्ही टायर आणि ब्रेक पॅड. पार्ट यायला किती दिवस लागतात तेही विचारा. त्यात पुण्याच्या एका फेरीचा पिकअप खर्च आणि विमा मिळवा. ३५० सीसीवरच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरानुसार वर्षाला २,८०४ रुपये आणि त्यावर जीएसटी आहे, पण जुन्या महाग गाडीला स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण कंपनी देते का, हे आधी विचारावं लागतं.

ही बेरीज म्हणजे गाडीची दुसरी किंमत. ती रक्कम आधीपासून बाजूला असेल तरच पहिली किंमत परवडली म्हणायची. सगळी पुंजी गाडी घेण्यातच संपत असेल, किंवा हप्ते पुढच्या सोयाबीन-कापसाच्या भावावर अवलंबून असतील, तर पहिल्याच मोठ्या बिलाला गाडी ताडपत्रीखाली जाते. आणि बंद पडलेल्या इटालियन बाईकला गिऱ्हाईक शोधणं फार अवघड.

इटालियनच हवी असेल तर दुसरा रस्ता आहे का?

आहे, आणि तो बारामतीहून निघतो. एप्रिलिया हा इटलीतल्या नोआले गावचा ब्रँड २००४ पासून पियाजिओकडे आहे आणि पियाजिओचा कारखाना बारामतीत आहे. तिथेच बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ डिसेंबर २०२३ मध्ये ४ लाख १० हजारांच्या एक्स-शोरूम किमतीला आली. दोन सिलेंडर, सुमारे ४७ हॉर्सपॉवर. ८९९ पानिगालेची बरोबरी ती करणार नाही, पण गाडी इथे बनते म्हटल्यावर पार्टचा रस्ता जवळचा होतो. आता ती वर्ष-दोन वर्षं वापरलेलीही मिळू शकते.

मग घ्यावी का?

ब्रँडची भारतातली सर्व्हिस आज सुरू आहे, बेल्ट-वॉल्वची बिलं हातात आहेत, तिन्ही नंबर जुळतात, दुसऱ्या किमतीचे पैसे वेगळे ठेवलेत आणि रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी आहे, या पाचही गोष्टींना ‘हो’ असेल तर परतूरमध्ये राहूनही जुनी इटालियन बाईक सांभाळता येते. तिच्यावर जीव लावून ती वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेतच.

एक-दोन गोष्टी अडत असतील तर भाव कमी करून घेण्यापेक्षा थांबलेलं बरं. अशा गाड्यांना गिऱ्हाईक मोजकं असतं, त्यामुळे चांगली गाडी पुन्हा समोर येते. तोवर पुण्याला जाऊन एखाद्या अनुभवी मेकॅनिकशी ओळख करून घेतली, तर पुढची गाडी बघायला जाताना सोबत कोणाला न्यायचं हा प्रश्न तरी सुटलेला असेल.