शिष्यवृत्ती मिळाली, खोली मिळाली नाही

मंडळी, सुरुवात आपण परळच्या बीआयटी चाळीपासून करू. तिथल्या भीमरावांना केळुस्कर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांकडून बी.ए.साठी महिना २५ रुपये मिळाले. १९१३ साली बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. अट एकच, परत येऊन संस्थानची नोकरी करायची. १९१७ साली ते बडोद्यात रुजू झाले, आणि बघा, राहायला जागाच मिळेना! पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं. दानातून पदवी मिळाली, माणुसकी नाही. म्हणूनच १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक घेऊन त्यांनी उभारलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने शिक्षणप्रसार आणि गाऱ्हाण्यांची दाद, ही दोन्ही कामं एकत्र धरली. आज आपण शिष्यवृत्तीला देणगी देतो, तेव्हा शिकून परतलेल्याला खोली कोण देणार, हेही विचारायला हवं.