खडूच्या पाताळात

लंडन ओलांडून टेम्स नदी समुद्राकडे निघाली, की तिच्या दक्षिणेला केंट आणि उत्तरेला एसेक्स हे परगणे लागतात. वर वाळू-रेती आणि खाली खडूचा प्रचंड थर, अशी इथली भुई पुष्कळ ठिकाणी आहे. (शाळेत आम्ही मास्तर मंडळी झिजवतो तो खडू आता बहुधा जिप्समचा असतो. हा अस्सल, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा!) या भुईत जागोजाग आडासारखी विवरे आहेत. तोंड इतके अरुंद, की दोन्ही बाजूंच्या खोबणींत पाय रोवत माणसाने उतरावे. खोली कुठे कुठे ८० फुटांपर्यंत. तळाशी मात्र खडूत कोरलेली दालने, तिपानी पानासारखी फाकलेली. तिकडे या विवरांना ‘डेनहोल’ म्हणतात.

एवढा खटाटोप कोणी केला आणि कशासाठी? लोकांनी उत्तर केव्हाच देऊन टाकले होते. डेन चाच्यांची गलबते किनाऱ्याला लागली, की बायकापोरे आणि धान्य घेऊन गाव इथे दडे, म्हणून डेनहोल! एसेक्समधल्या हँगमन्स वूड, म्हणजे फाशीगराच्या रानातली विवरे तर क्युनोबेलिन राजाच्या सोन्याच्या खाणी ठरली. १८८४ आणि १८८७ साली एसेक्स फील्ड क्लबच्या मंडळींनी तिथे खोदकाम केले. त्यांचाही कल गुप्त कोठारांकडेच राहिला. मैलाभरावर खडू उघडा पडलेला असताना त्यासाठी पाताळात कोण शिरेल, असा त्यांचा सवाल.

सवाल बिनतोड वाटतो. पण तो गाडी हाकणाऱ्याला विचारायला हवा होता. ओला खडू भलता जड. चिखलाच्या वाटेने तो मैलभर ओढण्यापेक्षा शेताच्या कडेलाच आड खणणे परवडे. तिथली रेताड जमीन आंबट. खडू पसरला की तिचा आंबटपणा मोडतो. हिवाळ्याच्या थंडीत ढेकळे आपोआप फुटून मातीत मिसळतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला रोमन पंडित प्लिनी याने हे सारे लिहून ठेवले आहे: ब्रिटनमध्ये शंभर फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंदावलेल्या खड्ड्यांतून पांढरी माती काढतात, तिचा गुण ८० वर्षे टिकतो, आणि एका जन्मात दोनदा ती घातलेला शेतकरी कोणी पाहिलेला नाही! आज दिसणारी बहुतेक विवरे मात्र मध्ययुगातली. दालनांचे छत धोक्याचे वाटू लागले, की ते विवर सोडायचे आणि शेजारी दुसरे खणायचे. काहींची तोंडे झाडाचे बुंधे आणि फांद्या कोंबून, वर माती लोटून बुजवली. लाकूड कुजले, की मग एखाद्या पावसाळी दिवशी जमीन अचानक खचते.

चिझलहर्स्टच्या गुहांची कथा याहून रंगतदार. तेराव्या शतकापासून १८३०च्या सुमारापर्यंत चुनाभट्टीसाठी खडू आणि बंदुकीसाठी गारगोटी काढता काढता तिथे सुमारे २२ मैलांचे बोगदे झाले. १९०३ साली विल्यम निकोल्स या पुराणवस्तुप्रेमी गृहस्थांनी जाहीर केले, की हे काम ड्रुइड पुरोहितांचे, रोमनांचे आणि सॅक्सनांचे! पुरावा बेताचाच, पण गुहेच्या तीन भागांना ही तीन नावे चिकटली ती चिकटलीच. बळी देण्याची वेदी दाखवली, तर पाहुणे येणार. चुनाभट्टीचे मजूर दाखवून कोण येतो?

पहिल्या महायुद्धात इथे दारूगोळा ठेवला, १९३०च्या दशकात अळंबी पिकवली. १९४०च्या सप्टेंबरात लंडनवर बॉम्ब पडू लागले, आणि माणसांची रीघ लागली. पुढे १५,००० माणसे इथे आसऱ्याला होती. विजेचे दिवे आले, प्रार्थनामंदिर झाले, दवाखाना निघाला, एक मूलही जन्मले. डेन लोकांच्या भीतीने भुईखाली दडलेल्या गावाची ती जुनी गोष्ट चिझलहर्स्टला अशी खरी झाली. फक्त शत्रू या खेपेला आकाशातून आला होता.