धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा : राजवैभवाकडून कुंकळ्ळीकडे

वंशपरंपरेने लाभलेली सत्ता सोडून संन्यस्त जीवन स्वीकारणाऱ्या सरदारांची परंपरा ख्रिस्तसभेत जुनी आहे. जर्मनीतील काप्पेनबर्गचे काउंट गॉडफ्रे यांनी ११२२ साली आपला गड संत नॉर्बर्ट यांच्या संघाला दिला आणि त्या गडाचा मठ झाला. आदल्या वर्षीच्या लढाईत म्युन्स्टरचे कॅथेड्रल जळाले होते. त्या लढाईत स्वतः गॉडफ्रे सहभागी होते. याच परंपरेतील एक थोर पुरुष आपल्या कोकणभूमीत आले, येथेच त्यांनी देह ठेवला. ते म्हणजे धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा.

जन्म व दीक्षा

रुडॉल्फ यांचा जन्म १५५० साली इटलीतील आत्री येथे, तेथील ड्यूकच्या घराण्यात झाला. त्यांचे बंधू जुलिओ १५७० साली कार्डिनल झाले, तर काका क्लॉडिओ १५८१ साली येशूसंघाचे सर्वोच्च प्रमुख झाले. मान, अधिकार आणि संपत्ती घरातच असताना रुडॉल्फ यांनी २ एप्रिल १५६८ रोजी येशूसंघात प्रवेश केला. गुरुदीक्षेनंतर १३ सप्टेंबर १५७८ रोजी ते गोव्यात उतरले व संत पॉल महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागले. पुढे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स पुढील वर्षी त्याच बंदरात उतरले.

अकबराच्या दरबारात

१५७९ साली बादशहा अकबराचा वकील गोव्यात आला. ख्रिस्ती धर्मातील विद्वान आणि धर्मग्रंथ पाठवावेत, अशी बादशहाची विनंती होती. रुडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली फादर अंतोनिओ मोन्सेरात व फादर फ्रान्सिस्को हेन्रिक्स यांची निवड झाली. आज कर्जत-खालापूरचे भाविक राहतात त्या सह्याद्रीच्या पायथ्यापासून पश्चिमेला जो समुद्र आहे, त्याच समुद्रमार्गाने हे तिघे दमणला गेले. तेथून सुरतमार्गे प्रवास करून १५८० च्या फेब्रुवारीअखेर ते फत्तेपूर सिक्रीला पोहोचले.

त्यांनी बादशहाला अनेक भाषांतील पवित्र शास्त्राचे खंड भेट दिले. रुडॉल्फ फारसी शिकले व विविध धर्मांच्या पंडितांबरोबर चर्चेला बसले. बादशहाने देऊ केलेले धन मात्र त्यांनी नाकारले. तीन वर्षांनी निरोप घेताना त्यांनी एकच मागणी केली : मॉस्कोकडील एका ख्रिस्ती गुलाम कुटुंबाला आपल्यासोबत जाऊ द्यावे. ती मान्य झाली. ड्यूकपुत्राने बादशहाकडून स्वतःसाठी काहीही घेतले नाही, इतरांचे स्वातंत्र्य मात्र मागून घेतले.

कुंकळ्ळीचे बलिदान

१५८३ साली गोव्यात परतल्यावर त्यांच्याकडे साष्टी मिशनची जबाबदारी आली. तेथील परिस्थिती स्फोटक होती. पोर्तुगीज सत्तेने या भागातील देवळे पाडली होती आणि त्या कारवायांत काही मिशनरीही सामील होते. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांचा संताप धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये (नव्या दिनदर्शिकेनुसार २५ जुलै) चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या या मंडळींवर हल्ला झाला. रुडॉल्फ, फादर अल्फोन्सो पाशेको, फादर पिएत्रो बेर्नो, फादर अंतोनिओ फ्रान्सिस्को, ब्रदर फ्रान्सिस्को अरान्या आणि त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती भाविक मारले गेले. रुडॉल्फ तेव्हा ३२ वर्षांचे होते.

यानंतर पोर्तुगीजांनी त्या परिसरातील गावप्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. एकजण नदीत उडी घेऊन निसटला, असे परंपरा सांगते. कुंकळ्ळीत त्या गावप्रमुखांचेही स्मारक आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली या पाच येशूसंघीय रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले.

आपल्यासाठी बोध

रुडॉल्फ यांनी स्वतःची सत्ता मनापासून सोडली, परंतु ज्या राज्याच्या छायेत मिशनकार्य चालले होते त्या राज्याची सत्ता त्यांच्या पाठीशी उभीच राहिली. गावकऱ्यांना त्यांचा त्याग दिसला नाही, ती सत्ता दिसली. म्हणून या रक्तसाक्षींचे स्मरण करताना असोळण्यात मारल्या गेलेल्यांचाही विसर पडू नये. सुवार्ता सांगणाऱ्याने आपल्या मागे कोणाचे बळ उभे आहे, हे सतत तपासून पाहावे. बादशहासमोर रिकाम्या हातांनी उभे राहून गुलामांची मुक्तता मागणारे रुडॉल्फ हेच आपल्यापुढील खरे उदाहरण होय.