अबकारीच्या दप्तराबाहेर

सोलापुरात जुन्या गिरणीचा भोंगा १८७७ साली वाजू लागला आणि पुढल्याच वर्षी मुंबई अबकारी कायदा आला. म्हणजे कामगाराच्या हातात रोख पगार पडण्यास आणि ताडी-शिंदीच्या दुकानांचा मक्ता, महसूल व परवाने सरकारी दप्तरात काटेकोर नोंदले जाण्यास जवळजवळ एकच मुहूर्त लाभला. त्या दप्तरात सर्व काही होते, पिणाऱ्याचे यकृत तेवढे नव्हते.

मे १९३०मध्ये कायदेभंगाच्या भरात जमाव शिंदीची झाडे तोडावयास रूपाभवानीकडे निघाला, गोळीबार झाला, शहरावर लष्करी अंमल बसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. हा इतिहास सोलापूरकरास मुखोद्गत आहे, आणि असावाच. परंतु दारूविरुद्धच्या त्या उदात्त आवेशात पिणारा पापी ठरला, आणि पाप्याच्या दुखण्याची विचारपूस कोण करणार?

डोळे पिवळे दिसले की घरची माणसे आधी काविळीची माळ आणीत. देठांचे तुकडे दोऱ्यात गुंफून डोक्यावर बसवलेली ती माळ, देठ सुकून गाठी सैल झाल्या की आपसूक लांबे आणि गळ्यात उतरे. साधी कावीळ बहुधा आपोआपच बरी होत असल्याने श्रेय माळेस मिळे. यकृत निबर झालेल्याची मात्र माळ उतरली तरी पोट फुगे, पाय सुजत, रात्र जागून जाई आणि दिवसा डोळा लागे. मग शेजारी म्हणत, ‘‘त्याने हाय खाल्ली हो!’’

वैद्यकाने पुढे यातील गुंता उकलला. यकृताने न गाळलेली विषद्रव्ये मेंदूस ग्लानी आणतात, ती एक अवस्था. दीर्घ आजाराने येणारे औदासीन्य ही दुसरी. दोन्ही एकाच खाटेवर नांदू शकतात, पण उपचार निरनिराळे. थेंबही न चाखलेल्या, केवळ रक्तावाटे विषाणू शिरलेल्या रोग्यासही तोच कलंक चिकटतो, हे तर अधिकच अन्यायाचे. शहरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या. यकृताच्या रोग्यास पहिला प्रश्न मात्र अजून ‘‘किती पीत होता?’’ हाच होतो, आणि त्याचे उत्तर बहुधा बायकोच, खाली मान घालून, देते.