एका पैशाचा आडपडदा

खासगीपणाला किंमत असते, असे आपण म्हणतो. आपल्याकडे एके काळी ती चक्क पैशात ठरलेली होती! १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. हलक्यातल्या हलक्या बंद पत्राला मात्र अर्धा आणा पडे. मजकूर झाकून धाडायचा, तर पैसा जास्त. गरिबाने उघड्यावर लिहायचे. वाटेत कुणीही वाचावे.

बरे, पाकीट परवडले तरी भागत नसे. १९०१ च्या जनगणनेत शंभरात जेमतेम पाच-सहा माणसे साक्षर होती. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या नवऱ्याचे पत्र कोकणातल्या बायकोला पोस्टमन नाहीतर गुरुजी वाचून दाखवीत, तेही सासूसासऱ्यांसमोर. उत्तरही दुसऱ्याच्याच हातचे. तिथे ‘आठवण येते’ हे सांगायचे कसे? मग पत्र क्षेमकुशलावरच थांबे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मला वाटते, आपल्या घरांत तो त्याच्या कितीतरी आधी आला. एखादी बाई आपले पत्र आपणच वाचू लागली, त्या दिवशी.