ट्रेलरचे विद्युत् ब्रेक व त्यांचे नियंत्रक

मोटारगाडी किंवा हलक्या ट्रकमागे जोडलेल्या ट्रेलरच्या चाकांत विद्युत् चुंबकावर चालणारे ब्रेक (गतिरोधक) बसविलेले असल्यास त्यांना केव्हा व किती विद्युत् प्रवाह द्यावयाचा, हे ठरविणाऱ्या उपकरणास ब्रेक नियंत्रक असे म्हणतात. हे उपकरण ओढणाऱ्या वाहनात, चालकाच्या हाताशी बसविलेले असते. बहुधा ती तळहातावर मावेल एवढी पेटी असते. तिच्यावर प्रवाहाची कमाल मर्यादा ठरविणारे एक चक्र आणि केवळ ट्रेलरचे ब्रेक लावता येतील अशी एक लहान तरफ असते. विद्युत् ब्रेकाची चाकातील रचना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठरून गेली व ती आजही ओळखू येण्याइतकी तशीच आहे. नियंत्रक मात्र पुनःपुन्हा बदलत गेला. चालकाने पाय किती जोराने दाबला, हे मागच्या गाडीला कसे कळावे, या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे या बदलांत दिसतात.

या प्रश्नाचे गांभीर्य साध्या गणिताने लक्षात येते. २,००० किग्रॅ. वजनाची मोटारगाडी २,५०० किग्रॅ. वजनाचा ट्रेलर ओढीत ताशी ८० किमी. वेगाने जात असेल, तर मोटारीची गतिज ऊर्जा सु. ४९४ किलोज्यूल व ट्रेलरची सु. ६१७ किलोज्यूल भरते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसल्यास ही सर्व ऊर्जा मोटारीच्याच ब्रेकांना शोषावी लागते. तेवढ्याच रोधक बलाने थांबावयाचे, तर लागणारे अंतर सव्वादोन पट होते. याहून मोठा धोका दिशेचा असतो. मोटार मंदावते, पण ट्रेलर निरूढीमुळे पुढे रेटत राहतो. रस्ता ओला असला किंवा गाडी वळणावर असली, तर हा रेटा मोटारीच्या मागील बाजूस आडवा ढकलतो आणि दोन्ही वाहने चाकूच्या पात्यासारखी एकमेकांवर मिटतात. याउलट ट्रेलरचे ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागले, तर त्याची चाके जखडतात, टायर घासत जातात व ट्रेलर बाजूला सरकतो. तेव्हा ब्रेक असणे पुरेसे नाही. ते मोटारीच्या मंदावण्याशी प्रमाणात लागले पाहिजेत.

मोटारींच्या आधी ही अडचण रेल्वेला भोवली होती. गाडीतील प्रत्येक डब्याचे ब्रेक एंजिनातून लावता यावेत म्हणून जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये संपीडित हवेचा ब्रेक तयार केला. या पहिल्या रचनेत नळी फुटली की ब्रेकच नाहीसा होई. १८७२ च्या सुधारणेने त्यांनी हा क्रम उलटा केला. नळीतील दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो व दाब गेला की तो आपोआप लागतो. या फरकाची किंमत १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे कळून आली. चढावर अडकलेली सहलीची गाडी तेथे दोन भागांत तोडण्यात आली. तिचा निर्वात ब्रेक स्वयंचलित नसल्याने सुटे केलेले मागचे डबे ब्रेकाविना उतारावरून घसरले व पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. त्यात ८० माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना संपूर्ण गाडीभर चालणारे स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. रस्त्यावरील ट्रेलरच्या इतिहासात हा धडा पुढे वेगळ्या रूपाने पुन्हा शिकावा लागला.

जड ट्रकांच्या ट्रेलरना हवेचे ब्रेक लावता येतात, कारण ट्रकवर संपीडक असतो. मोटारगाडीवर तो नसतो. तिचे द्रवीय ब्रेक ट्रेलरपर्यंत नेले, तर प्रत्येक वेळी ट्रेलर सोडताना द्रव सांडतो व नळीत हवा शिरते. प्रत्येक मोटारीत हमखास असलेली आणि खटकन जोडता-तोडता येणारी शक्ती एकच होती, ती म्हणजे विद्युत् घटमालेची. तिचा उपयोग अमेरिकेत आर्थर प्रॅट वॉर्नर (१८७०–१९५७) यांनी केला. विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट येथील हे उद्योजक चुंबकांशी आधीपासूनच परिचित होते. त्यांनी व त्यांच्या भावाने कारखान्यातील यंत्रांचा कर्तनवेग मोजण्यासाठी चुंबकीय उपकरण तयार केले होते व तेच पुढे मोटारीचा वेगमापक म्हणून गाजले. विस्कॉन्सिनमध्ये १९०९ साली पहिले विमान उडविणारेही हेच वॉर्नर होत. वेगमापकाचा धंदा विकल्यावर ते ट्रेलरकडे वळले. विद्युत् ब्रेक बनविणारी त्यांची कंपनी १९२७ मध्ये सुरू झाली. पुढील दशकात घरासारखे राहण्याजोगे ट्रेलर अमेरिकेत लोकप्रिय झाले (एअरस्ट्रीमचे ‘क्लिपर’ हे प्रसिद्ध प्रतिमान १९३६ चे) आणि या ब्रेकांना मोठी बाजारपेठ मिळाली.

या ब्रेकाची रचना मोठ्या हुशारीची आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाला एक लहानसा विद्युत् चुंबक हलकेच टेकलेला असतो. तो एका तरफेच्या टोकाला बसविलेला असतो. प्रवाह वाहू लागताच चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो व ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढू लागतो. त्यामुळे तरफ कलते आणि तिचे दुसरे टोक ब्रेकचे शू फाकवून ड्रमच्या कडेवर दाबते. म्हणजे शू दाबण्याचे काम वीज करीत नाही, ते फिरते चाकच करते आणि वीज केवळ त्याला निमित्त पुरविते. यामुळेच २५ ते ३० सेंमी. व्यासाच्या ब्रेकमधील एका चुंबकाला १२ व्होल्ट दाबाखाली सु. ३ अँपिअर प्रवाह पुरतो व चार चाकांच्या ट्रेलरचे काम १२ अँपिअरमध्ये भागते. या गुणातच एक उणीवही आहे. चाक थांबलेले असेल तर चुंबकाला ओढणारे कोणीच नसते. म्हणून उभा ट्रेलर उतारावर धरून ठेवण्यासाठी या ब्रेकांवर विसंबता येत नाही व चाकांना उटी लावावीच लागते.

आरंभीचा नियंत्रक म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर बसविलेली हाताची तरफ होती. ती फिरविली की रोधक तारेवरून सरकणारा संपर्क प्रवाह वाढवी किंवा कमी करी. कुशल चालकाच्या हाती हे साधन उत्तम होते. पण अवचित प्रसंगी एक हात सुकाणूवर, एक पाय ब्रेकवर आणि दुसरा हात तरफेवर अशी कसरत करावी लागे आणि घाबरलेला माणूस प्रथम तरफच विसरतो. त्यानंतर द्रवीय नियंत्रक आला. मोटारीच्या मुख्य ब्रेक-सिलिंडरपासून एक बारीक नळी नियंत्रकापर्यंत आणलेली असे. द्रवाचा दाब एक लहान दट्ट्या सरकवी व दट्ट्या रोधक तारेवरील संपर्क सरकवी. चालकाचा पाय जितका जोरात, तितका ट्रेलरचा ब्रेक जोरात, हे नाते येथे प्रथमच यांत्रिक रीतीने साधले. अचूकपणाच्या दृष्टीने हा नियंत्रक त्याच्यानंतर आलेल्या कित्येक स्वस्त प्रकारांपेक्षा सरस होता, असे म्हणावे लागते. तथापि ब्रेकच्या नळीला छेद देणे म्हणजे मोटारीच्या प्राणरक्षक यंत्रणेत हात घालणे होते. एक सांधा गळला तरी मोटारीचेच ब्रेक निकामी होण्याचे भय असे. दुहेरी द्रवमंडले व पुढे चाके जखडू न देणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा प्रचारात आल्यावर ही पद्धत मागे पडली.

ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर इलेक्ट्रॉनीय नियंत्रक आले. रोधक तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा त्यांनी वाचविली, कारण ते प्रवाह अडवून कमी करीत नाहीत. ते तो सेकंदात अनेक वेळा चालू-बंद करतात व चालू काळाचे प्रमाण बदलून सरासरी प्रवाह ठरवितात. यांतील पहिला प्रकार कालावर आधारलेला होता. ब्रेकचा दिवा लागल्याचा संकेत मिळताच तो ठराविक गतीने प्रवाह वाढवीत आधी ठरविलेल्या मर्यादेपर्यंत नेतो. हा बसविण्यास सोपा, कोणत्याही कोनात चालणारा व स्वस्त आहे, पण आंधळा आहे. सिग्नलपाशी हळूच थांबणे आणि रस्त्यात आलेले जनावर पाहून जिवाच्या आकांताने ब्रेक दाबणे यांत त्याला फरक कळत नाही. हलका ट्रेलर क्वचित ओढणाऱ्याला तो चालतो. घाटातून जड ट्रेलर नेणाऱ्याने प्रमाणशीर नियंत्रकच घेणे इष्ट ठरते.

प्रमाणशीर नियंत्रकात प्रथम लंबक वापरला गेला. मोटार मंदावली की लंबक पुढे झुकतो व त्या झुकावाइतका प्रवाह ट्रेलरला मिळतो. उतारावर लंबक मंदनाशिवायही थोडा पुढे झुकलेला असतो. त्यामुळे तेथे ब्रेक दाबला असता ट्रेलरला अधिक प्रवाह जातो. ही चूक असली तरी ती योग्य दिशेने होते. मात्र हा नियंत्रक प्रवासाच्या दिशेशी समांतर व सपाटीला जुळवूनच बसवावा लागतो. पुढे लंबकाची जागा सूक्ष्म प्रवेगमापकाने घेतली. फोर्ड कंपनीने २००५ सालच्या आपल्या जड पिकअप ट्रकांत नियंत्रक कारखान्यातच बसवून देण्यास प्रारंभ केला. यात ब्रेकच्या द्रवाचा दाब संवेदकाने मोजला जातो. म्हणजे नळीला छेद न देता जुन्या द्रवीय नियंत्रकाचेच तत्त्व परत आले.

सुटा नियंत्रक बसविण्याचे काम चार तारांचे असते. अमेरिकी प्रघातानुसार काळी तार घटमालेच्या धन अग्राकडून, पांढरी ऋण अग्राकडून, तांबडी ब्रेकच्या दिव्याच्या स्विचकडून येते व निळी तार ट्रेलरकडे जाते. दोन ते चार ब्रेकांसाठी धन तारेत २० अँपिअरचा व सहा ब्रेकांसाठी ३० अँपिअरचा मंडल-खंडक घालतात. ट्रेलरशी जोडणी बहुधा सात पिनांच्या प्लगने होते. ब्रेक दुबळे लागण्याचे कारण बहुतेक वेळा नियंत्रकात नसते, ते तारांत असते. तार बारीक असल्यास लांबीभर दाब घटतो. जोडणीच्या गोळ्यामार्फतच ऋण मार्ग पूर्ण होईल असे मानून स्वतंत्र तार न टाकल्यास गंज व वंगण यांमुळे प्रवाह कधी मिळतो, कधी मिळत नाही. ट्रेलरला डिस्क ब्रेक असतील, तर विद्युत् संकेतावर चालणारा द्रवीय पंप ट्रेलरवर बसवावा लागतो व काही जुने नियंत्रक अशा पंपाशी जुळत नाहीत. शेवटी मोकळ्या रस्त्यावर ताशी सु. ४० किमी. वेगाने जात केवळ हाताच्या तरफेने ट्रेलरचे ब्रेक लावून पाहतात आणि चाके जखडण्याच्या किंचित अलीकडे मर्यादा ठेवतात. ट्रेलरचे वजन बदलले की ही चाचणी पुन्हा करावी लागते. रिकाम्या ट्रेलरसाठी ठेवलेली मर्यादा भरलेल्या ट्रेलरला अपुरी पडते व भरलेल्यासाठी ठेवलेली रिकाम्याची चाके जखडते. हाताची तरफ एरवीही उपयोगाची आहे. ट्रेलर मागे डोलू लागल्यास मोटारीचा ब्रेक न दाबता केवळ ट्रेलरचा ब्रेक लावला, तर तो ताणला जाऊन सरळ होतो.

वेस्टिंगहाउस यांच्या सुधारित ब्रेकपेक्षा विद्युत् ब्रेक एका मूलभूत बाबतीत उणा आहे. हवेची नळी तुटली की ब्रेक लागतो, पण विजेची तार तुटली की ब्रेक जातो. हा दोष रचनेतच असल्याने त्याला बाहेरून उपाय जोडावा लागला. ट्रेलरवर एक लहान घटमाला ठेवतात व एका स्विचची खुंटी दोरीने मोटारीला बांधतात. ट्रेलर सुटून मागे पडला की खुंटी उपसली जाते व घटमालेचा प्रवाह ब्रेकांना मिळतो. अमेरिकेतील व्यापारी वाहतुकीच्या संघीय नियमानुसार असे ब्रेक किमान १५ मिनिटे लागून राहिले पाहिजेत. परंतु ही घटमाला वर्षानुवर्षे न वापरता पडून राहते आणि ती मृत झाली आहे हे बहुधा गरजेच्या क्षणीच कळते. ऑस्ट्रेलियात २,००० किग्रॅ.पेक्षा अधिक वजनाच्या ट्रेलरला सर्व चाकांवर ब्रेक व सुटताच लागणारी ही योजना सक्तीची आहे. न्यू साउथ वेल्स राज्यात तर या घटमालेची स्थिती चालकाला बसल्या जागी दिसली पाहिजे, असा नियम आहे.

यूरोपात विद्युत् ब्रेक फारसे रुजले नाहीत. तेथे ३,५०० किग्रॅ.पर्यंतच्या ट्रेलरना रेट्याचे ब्रेक चालतात. मोटार मंदावताच ट्रेलर पुढे रेटतो व जोडदांडा आत सरकून तोच रेटा ब्रेक लावतो. यात वीज नको, नियंत्रक नको. मात्र केवळ ट्रेलरचा ब्रेक चालकाला आपल्या जागेवरून लावता येत नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होण्याची मर्यादा ३,००० पौंड (सु. १,३६० किग्रॅ.) आहे, तर कॅलिफोर्नियात ती १,५०० पौंड आहे.

भारतात मोटारीमागे जड ट्रेलर नेण्याची प्रथा नसल्याने हे नियंत्रक प्रचारात आलेले नाहीत. त्यामागचा प्रश्न मात्र येथेही आहे. महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे कारखान्याकडे जातात व त्यांचे एकत्रित वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा पुष्कळ अधिक असते. ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसल्यास उतारावर हा सर्व भार ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांवर येतो.